जावळ होईपर्यंत

खाडीकाठच्या आगरी पाड्यांत तान्ही मुलं इतर वस्त्यांपेक्षा कमी का, याचं कारण एका विद्वान साहेबानं शोधून काढलं होतं. सन अठराशे एक्क्याऐंशीच्या खानेसुमारीचे आकडे समोर ठेवून त्यानं लिहिलं, की इथल्या बायका दिवसभर मिठागराच्या खाऱ्या पाण्यात उभ्या असतात, त्यामुळे त्यांची कूस लवकर सुकते. आमच्या शाळातपासनिसांनी तो मजकूर मला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवला आणि मी मान डोलावली. त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार, की महाराज, खाऱ्या पाण्याचा यात काडीचा दोष नाही. ती मुलं आवडाबाईनं आणि मी मिळून गाळली आहेत, आणि गाळली तेव्हा ती आपापल्या पाळण्यात टाहो फोडत होती.

मी कळव्याचा शाळामास्तर. घर ठाण्यात, शाळा खाडीपलीकडे. रोज सकाळी तरीत बसून जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, यात माझी पंचवीस वर्षं गेली. कळव्याला लागून जो आगरी पाडा आहे, तिथला पोलीसपाटील नाथा. त्याला सही करता येत असे, पण सहीच्या वरचं काही लिहिता येत नसे. ते मी लिहायचो. जन्ममृत्यूचं बुक त्याचं, अक्षर माझं.

आवडाबाई ही त्या पाड्याची सुईण. बुटकी, काळीसावळी, मनगटं पुरुषासारखी, आणि पायाला मिठानं पडलेल्या भेगा. एरवी मिठागरावर पाट्या उचलायची. बोलावणं आलं की पाटी तिथंच टाकून, पाय धुवून निघायची. पाड्यातलं पंचवीस वर्षांच्या आतलं एकूण एक माणूस तिच्या हातावर जन्मलेलं होतं, आणि त्याचा तिला माजही होता. ती सगळ्यांना तू म्हणे. मला तू, पाटलाला तू, आणि एकदा मामलेदारालाही तू म्हणाली. आगऱ्यांत तो अपमान नव्हे, पण हे मामलेदाराला कोणी सांगितलेलं नव्हतं.

तिचा एक नियम होता. मुलाचं जावळ होईपर्यंत त्याचं नाव परक्यापुढे घ्यायचं नाही, त्याला बाहेरच्याला दाखवायचं नाही, आणि कागदावर तर मुळीच चढू द्यायचं नाही. पाचव्या दिवशी सटवी येते आणि मुलाच्या कपाळावर लिहून जाते. तो लेख ओला असतो. जावळ उतरलं की तो वाळतो. त्याच्या आत दुसऱ्या कोणी त्या मुलावर लेखणी चालवली, की सटवी रागावते आणि आपलं लिहिलेलं पुसून टाकते. हे सगळं ती मला जमाबंदीचे नियम सांगावेत तशा गंभीर चेहऱ्यानं सांगायची.

मी हसायचो. पण ती हा नियम कुठून शिकली हे कळलं, त्या दिवसापासून मला हसू येईनासं झालं.

बाहत्तर साली पहिली मोठी गणती झाली. तेव्हा आवडाबाई तिशीची होती आणि तिला पाच मुलं होती. तालुक्याचा कारकून दारात आला. तिनं कौतुकानं चार मुलं उंचीप्रमाणे ओळीत उभी केली आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून नाव सांगितलं. थोरला राघो. पाचवी सगुणा, काही महिन्यांची, जावळ व्हायचं होतं. तिला सासूनं मागच्या दारानं शेजारी नेलं, परक्याची नजर नको म्हणून. कारकुनानं नवरा लिहिला, बायको लिहिली, सासू लिहिली, चार मुलं लिहिली आणि तो गेला. त्या पावसाळ्यात पटकी आली. आठ दिवसांत चारही मुलं गेली, सासू गेली आणि नवराही गेला. न लिहिलेली सगुणा तेवढी राहिली.

आता अशा बाईला जाऊन सांगा, की लिहिण्याचा आणि मरण्याचा काही संबंध नसतो. मी सांगून पाहिलं. म्हणालो, "तू स्वतःही लिहिलेली होतीस, तू जगलीस ना?" ती पाटीतलं मीठ हातानं सारखं करत होती. म्हणाली, "याला जगना म्हनतंस तू?" पुढे मी तो विषय काढला नाही.

एक्क्याऐंशीची गणती आली तेव्हा ती मोजदाद माझ्या गळ्यात पडली. मी तरुण होतो, अक्षर वळणदार होतं, आणि ठाण्याच्या मोठ्या शाळेत बदली व्हावी म्हणून साहेबांच्या डोळ्यांत भरायचं होतं. तक्ते घेऊन पाड्यात गेलो, तर पाड्यात एक पुरुष दिसेना. कोणीतरी उठवलं होतं, की काबूलच्या लढाईत माणसं कमी पडली म्हणून सरकार डोकी मोजतंय. सगळे बाप्ये तिवरांच्या रानात जाऊन बसलेले. बायका कानांवर हात ठेवत होत्या. दोन दिवस मी भुतासारखा हिंडलो आणि कोरे तक्ते घेऊन परत गेलो.

तिसऱ्या दिवशी आवडाबाई शाळेत आली. बरोबर झाकलेली टोपली होती, आणि टोपलीत जिवंत चिंबोऱ्या. आमची जात मासे खाणारी, हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, बाप्यांना मी रानातून बाहेर काढते, घरोघर तुझ्याबरोबर फिरते, थोर माणसं सगळी लिही. ज्यांचं जावळ झालं नाही तेवढी लिहू नकोस.

मी काय केलं असेल, ते वाचणाऱ्यानं ओळखलंच असेल. पंधरवड्याचं काम तीन दिवसांत उरकलं. चारशे सत्तर माणसांचा पाडा कागदावर उतरला आणि तेवीस तान्ही मुलं उतरली नाहीत. चिंबोऱ्यांचं कालवण उत्तम झालं होतं. तालुक्यात माझे तक्ते सर्वांत आधी पोचले म्हणून शाबासकी मिळाली. आणि साहेबाला कूस सुकल्याचा शोध लागला.

लोक म्हणतील, तेवीस म्हणजे काय मोठं? हिंदुस्थानची वस्ती कोटींनी मोजतात. खरं आहे. पण ते कोटीही कोणीतरी दारोदार हिंडूनच गोळा केलेले असतात. प्रत्येक खाडीकाठी एक आवडाबाई आणि एक आळशी मास्तर धरा, मग त्या कोटींकडे बघा. मी अलीकडे वर्तमानपत्रात देशाची माणसं इतकी वाढली, तितकी घटली असं वाचतो, तेव्हा मला आपल्या हाताला कालवणाचा वास येतो.

ही गाळणी मग नेहमीचीच झाली. जन्माची खबर पाटलाला सुईणीनं द्यायची असते. आवडाबाई ती खबर जावळ झाल्यावर द्यायची, आणि मी बुकात त्या सुमाराची तारीख टाकायचो. जी मुलं जावळाआधीच जायची, ती आमच्या बुकात जन्मतही नव्हती आणि मरतही नव्हती. एका वर्षी मामलेदारानं सगळ्या गावांची बुकं तपासली आणि नाथा पाटलाची पाठ थोपटली, की अरे, तुझ्या पाड्यात पोरं मरत कशी नाहीत? नाथा महिनाभर छाती काढून फिरत होता. आंधळं दळत होतं आणि आम्ही पीठ खात होतो.

सगुणा मोठी झाली. पाड्यातल्याच भिवाशी तिचं लग्न झालं आणि भिवा सासूच्या शेजारीच घर बांधून राहिला. सगुणाची पहिली दोन मुलं आठवडाभरही राहिली नाहीत. तिसरा मुलगा नव्वद सालच्या होळीच्या सुमारास झाला आणि जगला. आवडाबाईनं त्याचं नाव राघो ठेवलं. हे नाव मला पुढे कळलं, कारण माझ्यापुढे ती त्याला नुसतं पोऱ्या म्हणायची. मिठागरावरून आली की हातपाय धुवायची आणि त्याला मांडीवर घेऊन ओट्यावर बसायची. मी वाटेनं गेलो तर पदर ओढून त्याला झाकायची. त्याला दोन वेळा मी नीट पाहिलं असेल. जावळ दाट होतं आणि मानेवर वळलेलं होतं.

त्याच्या जावळाचं ठरलं होतं. येत्या चैत्रात, एकवीरेच्या जत्रेला, कार्ल्याच्या डोंगरावर.

त्याआधी पौषात देवी काढणारा आला. बरोबर सुया, लस आणि पाटलाच्या बुकावरून उतरवलेली मुलांची यादी. यादीत अकरा नावं होती. अकरा दंड त्यानं टोचले, अकरा आया रडल्या. सगुणाही आपल्या दारात उभी होती, पदराखाली पोर. ती आईला हळूच म्हणाली, की टोचून घेऊ या का. शेजारच्या मुंब्र्यात गेल्या वर्षी टोचलेली मुलं वाचली होती, हे तिनं ऐकलं होतं. आवडाबाईनं तिला आत ढकललं. चैत्रात जावळ होऊ दे, मग टोच, मग लिही, मग काय करायचं ते कर, असं तिचं म्हणणं.

देवी काढणाऱ्यानं मला विचारलं, यादीबाहेर कोणी राहिलं नाही ना? त्याच्या कागदावर तसं लिहून खाली माझी सही हवी होती. मी सगुणाच्या दाराकडे पाहिलं. आवडाबाई माझ्याकडे बघत होती. मी सही केली. माघात खानेसुमारी पुन्हा आली, पुन्हा तक्ते माझ्याकडे, आणि मी पुन्हा तेच केलं. या खेपेला चिंबोऱ्याही लागल्या नाहीत, इतकी सवय झाली होती.

होळी झाली आणि पाड्यात देवी आल्या.

देवी घरात असल्या की आगरी फोडणी देत नाहीत, मीठ वापरत नाहीत, दाराला कडुलिंब लावतात आणि रोग्याशी पाहुण्यासारखं अदबीनं बोलतात. मिठाच्या राशी दाराबाहेर आणि आत सगळा पाडा अळणी जेवत होता. टोचलेली अकरा मुलं अंगणात हुंदडत होती. न टोचलेल्यांपैकी सात गेली. राघो चौथा. पाडव्याच्या आदल्या दिवशी भिवानं त्याला खाडीकाठी पुरलं, जावळासकट. एकवीरेची जत्रा आठ दिवसांवर होती.

आवडाबाई मूर्ख नव्हती. बाहत्तर साली लिहिलेली मेली आणि न लिहिलेली वाचली, हे जिनं पाहिलं, तिनं आता उलटं झालेलंही पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती नाथा पाटलाकडे गेली आणि म्हणाली, माझा नातू बुकात लिही.

नाथा घाबरला. जन्म लिहिला तर वर्षभर लपवला का, असं विचारतील. मृत्यू लिहिला तर टोचला का नाही, असं विचारतील. तो म्हणाला, जो जन्मलाच नाही, तो मरेल कसा? असं तोंडावर बोलला, आणि दार लावून घेतलं. त्याचं दार लागलं म्हणून ती माझ्याकडे आली.

मुलं शाळेतून गेली होती. ती उंबऱ्याच्या आत कधी येत नसे, त्या दिवशी आली आणि माझ्या बैठकीसमोर जमिनीवर बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मला तुमी म्हणाली.

"मास्तर, माजा राघो तुमी लिवा."

मी म्हणालो, कुठे लिहू? तक्ते ठाण्याला गेले. बुक पाटलाचं आहे.

"बुक पाटलाचा, हात तुमचा हाय. जनमला ता लिवा, मेला ता लिवा. मी लपवला ता पन लिवा. मना काय शिक्षा करायची ती करू दे सरकारला."

शिक्षा तिला झाली नसती. सरकार म्हातारीला काय करणार? शिक्षा मला झाली असती. यादीबाहेर कोणी राहिलं नाही, या वाक्याखाली माझी सही होती, आणि बदलीचा अर्ज गेल्याच महिन्यात वर गेला होता. हे तिला सांगण्याचा धीर मला झाला नाही. खरं सांगतो, मी तिला हाकललं असतं तर ते बरं झालं असतं. निदान तो उघड नीचपणा ठरला असता. मी त्याहून वाईट केलं. खानेसुमारीचा एक कोरा तक्ता पेटीत उरला होता, तो काढला. टाक बुडवला आणि तिच्यासमोर सुंदर अक्षरात लिहिलं. राघो भिवा. पुरुष. वय एक. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, देवीनं मयत. मग सगळं तिला वाचून दाखवलं.

तिनं ओल्या शाईला लागणार नाही असं बोट नावाजवळ टेकवलं. "हा सरकारला जाईल?"

"जाईल," मी म्हणालो.

ती उठली, पाया पडली, माझ्या पाया, आणि गेली. तक्ता वाळल्यावर मी घडी करून पेटीच्या तळाशी ठेवला. बदली झाली नाही ती नाहीच.

त्यानंतर आवडाबाई पार बदलली. मूल जन्मलं की नाळ कापून, हात धुवून, ती थेट पाटलाच्या दारात. लिही. नाथा टाळाटाळ करायला लागला की ओट्यावरून हलायची नाही. पाड्याला हे रुचलं नाही. जिनं आयुष्यभर पोरं लपवायला शिकवलं, तीच आता बाळंतिणीच्या खोलीतली खबर सरकारात पोचवते म्हणून बायका तिला चेटकी म्हणू लागल्या. काहींनी तिला बोलावणं सोडलं आणि मुंब्र्याहून दुसरी सुईण आणवली. तर ही त्या घराबाहेर बसून राहायची, आतून रडणं ऐकू आलं की उठायची आणि पाटलाकडे जायची. कोणी भांडलं तर म्हणायची, माझा राघो सरकारात आहे, तुझ्या पोराला काय धाड भरते? देवी काढणाऱ्याला ती स्वतः घरोघर फिरवायची. सहा वर्षांत पाड्यात देवीनं एकही मूल गेलं नाही. बुकात मात्र तान्ह्या मुलांची गर्दी झाली. पुढच्या साहेबाला बहुधा लिहावं लागेल, की कळव्याचं खारं पाणी गोड झालं.

तिच्या या सगळ्या हट्टाच्या बुडाशी माझ्या पेटीतला तो कागद होता. मी रोज पेटी उघडायचो, खडू काढायचो आणि बंद करायचो.

शहाण्णवच्या हिवाळ्यात मुंबईत गाठीचा ताप आला आणि सत्त्याण्णवात तो खाडी ओलांडून आमच्याकडे पोचला. ज्या घरात मयत व्हायचं, त्या घरातल्या सगळ्यांना उचलून गावाबाहेरच्या झोपड्यांत नेऊन ठेवत, घराचं छप्पर उघडं करत, भांडीकुंडी बाहेर फेकत. लोकांनी मेलेली माणसं लपवायला सुरुवात केली. जन्म लपवण्यात तरबेज असलेल्या पाड्याला मरण लपवणं जड गेलं नाही. माझ्या बुकात त्या वर्षी पाड्यात चार माणसं मेली. खरी किती, ते खाडीकाठची राख जाणे.

फाल्गुनात सगुणा शाळेत आली. दोन दिवसांपूर्वी आवडाबाई गेली होती. काखेत गाठ, अंगात ताप, दीड दिवसाचा खेळ. भिवानं आणि त्याच्या भावानं पहाट होण्याआधी तिला तिवरांच्या आड जाळली होती. शेजाऱ्यांना सांगितलं होतं, की म्हातारी पनवेलला बहिणीकडे गेली.

सगुणा दारातच उभी राहिली. म्हणाली, "मास्तर, आय मरताना बोलली, मास्तराला सांग, मना राघोच्या खाली लिव. त्याच कागदावर." मग थांबून म्हणाली, "पन तू लिव नको. लिवलास त आमाला झोपरीत नेतील. माज्या पोटात पोर हाय."

मला तिची दया आली, आणि स्वतःचीही आली असावी. तिचा जीव हलका व्हावा म्हणून मी बोलून गेलो, की भिऊ नकोस, तिला लिहितो, तो कागद कुठे जात नाही, माझ्या पेटीतच असतो.

बोललो आणि काय बोललो ते कळलं. सगुणानं पेटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मी तो सोसला असता.

"म्हंजी राघो सरकारात नाय?"

सहा वर्षं तिची आई ज्या एका ओळीच्या जोरावर पाड्यातल्या प्रत्येक दारात उभी राहिली, तिनं शिव्या खाल्ल्या, चेटकी म्हणवून घेतलं, ती ओळ तिथंच माझ्या खडूंच्या खाली घडी होऊन पडली होती.

सगुणानं पदर डोक्यावर सारखा केला.

"बरा झाला," ती म्हणाली, "आय आधी मेली."

ती गेल्यावर मी पेटी उघडली. तक्ता पिवळा पडला होता, पण अक्षर अजून वळणदार दिसत होतं. राघोच्या खाली लिहिलं. आवडाबाई. स्त्री. वय अंदाजे पंचावन्न. धंदा सुईण. शेऱ्याच्या रकान्यात गाठीच्या तापानं मयत असं लिहायला घेतलं आणि हात थांबला, कारण बाहेर नाथा पाटील बुक घेऊन आला होता आणि त्याला या महिन्यात पाड्यात कोणी मेलं नाही असं लिहून हवं होतं. तक्ता पेटीत सरकवला आणि त्याला तसं लिहून दिलं.